परागज्वराचे मूळ शोधणारे डॉ. चार्ल्स ब्लॅकली

नाकाच्या ॲलर्जीचे निदान करताना आज डॉक्टर रुग्णाच्या हातावर निरनिराळ्या द्रावणांचे थेंब ओळीने ठेवतात, प्रत्येक थेंबातून त्वचेला बारीकसा टोचा देतात आणि पंधरा ते वीस मिनिटांनी कोठे गांध उठली, ती किती मिलिमीटरची आहे, हे मोजून पाहतात. भारतातील शहरांत ही चाचणी आता रुग्णांच्या परिचयाची झाली आहे. तिचा उगम मात्र कोणत्याही नामांकित विद्यापीठात किंवा मोठ्या रुग्णालयात झालेला नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या हल्म या भागात दवाखाना चालवणाऱ्या, होमिओपॅथीचा अवलंब करणाऱ्या एका वैद्याने ती प्रथम स्वतःच्या हातांवर केली. चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली हे त्यांचे नाव. ते स्वतःच या विकाराचे रुग्ण होते आणि त्यांच्या बहुतेक प्रयोगांसाठी उपलब्ध असलेले शरीरही त्यांचे स्वतःचेच होते.

ब्लॅकली यांचा जन्म १८२० मध्ये लँकेशायर परगण्यातील बोल्टन या गावी झाला. सूतगिरण्यांच्या त्या मुलखात सामान्य घरातील मुलाने लवकर कामधंद्याला लागावे, हीच रीत होती. मँचेस्टरमधील ब्रॅडशॉ अँड ब्लॅकलॉक या छपाई आणि उत्कीर्णनाच्या व्यवसायात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. रेल्वेच्या वेळापत्रकासाठी जगभर नाव झालेले ब्रॅडशॉ ते हेच. भारतातही जुन्या पिढीतील प्रवासी रेल्वेच्या वेळापत्रकाला ब्रॅडशॉ म्हणत असत. धातूच्या पत्र्यावर बारीक रेषा कोरण्याचे हे काम नजरेची आणि हाताची शिस्त मागणारे होते. दिवसभर ते काम करावे आणि संध्याकाळच्या वर्गांत रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मदर्शकाचा उपयोग आणि ग्रीक भाषा शिकावी, असा त्यांचा क्रम होता. पुढे त्यांनी केलेल्या संशोधनाकडे पाहिले, तर या संध्याकाळच्या वर्गांतील एकही विषय वाया गेला नाही, असे म्हणावे लागते.

वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८५५ मध्ये, त्यांनी छपाईचा व्यवसाय सोडला आणि मँचेस्टरच्या पाइन स्ट्रीट वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. १८५८ मध्ये त्यांना शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजचे सदस्यत्व मिळाले. वैद्यकीची रीतसर पात्रता मिळवूनही त्यांनी व्यवसायासाठी होमिओपॅथीचा मार्ग निवडला. त्या काळी इंग्लंडच्या वैद्यकीय वर्तुळात होमिओपॅथीकडे उघड संशयाने पाहिले जात असे. त्यांच्या संशोधनाची दखल समकालीनांनी फारशी घेतली नाही, त्यामागे हेही एक कारण असावे.

ज्या विकाराने त्यांना छळले, त्याला वैद्यकात मान्यता मिळूनही तेव्हा फार दिवस झालेले नव्हते. जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी १८१९ मध्ये लंडनच्या वैद्यक आणि शल्यचिकित्सा सभेपुढे एका रुग्णाचे वर्णन वाचून दाखवले. दर वर्षी जून महिन्यात या रुग्णाचे डोळे लाल होऊन खाजत, शिंकांमागून शिंका येत, नाकातून पाणी वाहे, छाती आवळल्यासारखी होई आणि उन्हाळा सरत आला की सारे आपोआप थांबे. तो रुग्ण स्वतः बोस्टॉकच होते. १८२८ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिले, तेव्हा त्यांच्यापाशी २८ रुग्णांची माहिती जमली होती. लोक या विकाराचा संबंध सुकत घातलेल्या गवताशी जोडत आणि त्यावरूनच त्याला इंग्रजीत गवताचा ताप असे नाव पडले. बोस्टॉक यांना ते पटले नाही. त्यांनी दोष उन्हाळ्याच्या उष्म्याला दिला. जर्मनीतील गीसेन येथील प्राध्यापक फिलिप फीबुस यांनी १८६२ मध्ये अनेक देशांतून माहिती गोळा करून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही कारण निश्चित झाले नाही. उष्मा, प्रखर प्रकाश, धूळ, फुलांचे आणि गवताचे वास, हवेतील ओझोन अशी संशयितांची यादीच तेवढी वाढत गेली. भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनाही हाच त्रास होता. त्यांनी नाकातील स्रावात सूक्ष्मजंतू पाहिले आणि क्विनीनचे द्रावण नाकात सोडून उपचार करून पाहिला.

एवढे विद्वान या प्रश्नाला भिडले होते, पण बहुतेकांची पद्धत एकच होती. रुग्ण काय सांगतात ते जमवायचे आणि त्यातून तर्क लढवायचा. ब्लॅकली यांनी १८५९ च्या सुमारास वेगळी वाट धरली. यादीतील प्रत्येक संशयित वेगळा काढायचा, तो एकटाच स्वतःच्या शरीरासमोर आणायचा आणि काय होते ते पाहायचे.

गवताला सुकताना जो गोडसर वास येतो त्याच्याशी बेंझोइक आम्ल आणि कुमारिन या द्रव्यांचा संबंध मानला जात होता. ब्लॅकली यांनी दोन्हींची वाफ हुंगून पाहिली. परागज्वर काही उद्भवला नाही. निरनिराळे सुगंध झाले, ओझोन झाला. तोही निर्दोष ठरला. धुळीच्या बाबतीत एक चकवा होता. खेड्यातील रस्त्यावरून जात असताना शेजारून एक गाडी गेली, धूळ उडाली आणि त्यांना शिंकांचा जोराचा झटका आला. धूळच अपराधी, असे म्हणून दुसरा कोणी थांबला असता. ब्लॅकली यांनी तीच धूळ घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तिच्यात गवताचे परागकण आढळले. फुलोऱ्यावर आलेल्या गवताची जुडी एकदा खोलीत त्यांच्याकडून सहज हलली, परागांचा धुरळा उडाला आणि तोच परिणाम झाला. संशय आता एका जागी येऊन ठेपत होता.

बुरशीवरील त्यांचा प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो. ओलसर ठेवलेल्या गव्हाच्या पेंढ्यावर त्यांनी बुरशी वाढवली आणि तिचे बीजाणू श्वासावाटे आत घेतले. त्यांचा आवाज बसला, श्वासनलिकेला सूज आली आणि पुढे काही दिवस प्रकृती बिघडली. हा प्रयोग पुन्हा करण्याची त्यांची तयारी नव्हती. पण बुरशीमुळेही श्वसनाचा असा विकार होऊ शकतो, ही नोंद त्यांच्या नावावर राहिली. आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींच्या घरांत राहणाऱ्या दम्याच्या रुग्णांना या नोंदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

यानंतर ब्लॅकली यांनी सारे लक्ष परागांवर केंद्रित केले. अनेक कुळांतील वनस्पतींचे पराग त्यांनी गोळा केले, सुकवून जपून ठेवले आणि एकेक करून तपासले. थोडे पराग नाकपुडीत लावले की काही वेळात ती चोंदत असे, शिंका येत, पाणी वाहू लागे. डोळ्यात गेले तर डोळा लाल होऊन सुजे. श्वासावाटे आत ओढले तर दम लागे. परागज्वराची जी लक्षणे निसर्गात उन्हाळ्यात एकत्र येत, ती त्यांनी अशी वेगवेगळी करून, इच्छेला येईल तेव्हा निर्माण केली. ऋतू नसतानाही साठवलेले पराग लक्षणे आणू शकतात, याचा अर्थ उष्मा आणि प्रकाश यांच्यावाचूनही हा विकार होऊ शकतो, हे त्यातून उघड झाले. सर्व परागांचा परिणाम सारखा नव्हता. गवताच्या कुळातील परागांचा प्रभाव फार मोठा होता.

तरीही एक शंका उरत होती. नाक आणि डोळे हे नाजूक अवयव आहेत. कोणतीही बारीक पूड तेथे गेली तरी चुरचुर व्हायचीच. परागांचा परिणाम निव्वळ खरखरीतपणाचा आहे की त्यांच्या अंगी काही विशेष गुण आहे, हे नाकावरून ठरवणे कठीण होते. ब्लॅकली त्वचेकडे वळले. दोन्ही हातांवर त्यांनी शस्त्राच्या टोकाने त्वचेचा वरचा थर थोडा खरवडला. एका हातावरील ओरखड्यावर गवताचे ओले केलेले पराग ठेवून वर पट्टी बांधली. दुसऱ्या हातावर तसाच ओरखडा काढून तशीच पट्टी बांधली, फक्त पराग ठेवले नाहीत. काही मिनिटांतच पराग ठेवलेल्या जागी तीव्र खाज सुटली आणि आजूबाजूची त्वचा फुगून वर आली. दुसऱ्या हाताला साध्या ओरखड्यापलीकडे काही झाले नाही.

या प्रयोगातील खरी करामत दुसऱ्या हातात होती. पराग लावलेला हात सुजला एवढेच पाहिले असते, तर ती सूज शस्त्राची, पट्टीची की परागांची, हे सांगता आले नसते. दोन्ही हातांवर सर्व काही सारखे ठेवून एकच गोष्ट वेगळी ठेवल्याने उत्तर निर्विवाद मिळाले. आजच्या त्वचाचाचणीतही हीच रचना आहे. एक टोचा साध्या मिठाच्या द्रावणाचा देतात; तेथे गांध उठली, तर त्या रुग्णाची त्वचा नुसत्या टोचण्यानेच फुगणारी आहे, असे समजते. दुसरा टोचा हिस्टामिनचा देतात. तेथे गांध उठलीच पाहिजे. ती उठली नाही, तर रुग्णाने ॲलर्जीविरोधी गोळी घेतलेली असण्याचा संभव असतो आणि मग संपूर्ण चाचणी निरुपयोगी ठरते. याच कारणाने अशा गोळ्या चाचणीपूर्वी काही दिवस बंद ठेवायला सांगतात. या दोन टोच्यांशी तुलना करूनच गवत, धुळीतील सूक्ष्म कीटक, झुरळ, बुरशी, मांजर किंवा कुत्रा यांच्या टोच्यांचा अर्थ लावला जातो. साध्या द्रावणाच्या जागेपेक्षा तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध आली, तर चाचणी होकारार्थी मानतात.

पराग ओले का करावे लागले, याचेही स्पष्टीकरण आता देता येते. त्रास परागकणाच्या टणक कवचाचा नसतो. तो ओल मिळताच त्यातून पाझरणाऱ्या प्रथिनांचा असतो. ज्यांच्या शरीराने या प्रथिनांविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंड तयार केलेले असतात, त्यांच्या त्वचेतील आणि नाकाच्या अस्तरातील काही पेशींवर ते प्रतिपिंड चिकटून बसलेले असतात. प्रथिन येऊन भिडले की त्या पेशी हिस्टामिन सोडतात. त्वचेवर त्याची गांध होते; नाकात शिंका, खाज, पाणी आणि चोंदलेपण होते. अवयव दोन, क्रिया एकच. त्यामुळेच नाकाच्या विकाराचा जाब हाताच्या त्वचेला विचारता येतो. हे प्रतिपिंड किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत १९६६ मध्ये ओळखले. ब्लॅकली यांच्या प्रयोगानंतर शंभर वर्षांनी कारण कळले. परिणाम त्यांनी आधीच अचूक टिपून ठेवला होता.

येथेच थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु नाक आणि त्वचा यांच्या साक्षीवर ते संतुष्ट नव्हते. प्रयोगात पराग मुद्दाम नाकात भरले होते. रोजच्या हवेत ते तेवढे असतात का, हा प्रश्न शिल्लक होता. त्यांनी काचपट्ट्यांवर ग्लिसरीनचे चिकट मिश्रण लावले, माणूस ज्या उंचीवर श्वास घेतो त्या उंचीवर त्या मँचेस्टरजवळच्या कुरणात चोवीस तास उघड्या ठेवल्या आणि एक चौरस सेंटिमीटर जागेत पडलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले. हे त्यांनी एखाद्या दिवशी केले नाही, सबंध मोसमभर रोज केले. सोबत पाऊस, ऊन आणि स्वतःच्या लक्षणांची नोंद ठेवली. २८ जून १८६६ रोजी मोजणी ८८० कणांवर गेली. पाऊस पडला की आकडा घसरे आणि त्यांचे नाकही शांत होई. कोरडे दिवस आले की दोन्ही पुन्हा चढत. पकडलेल्या परागांपैकी फार मोठा वाटा गवताचा होता. छापखान्यातील बारीक कामाने घडलेली नजर येथे उपयोगी पडली असणार.

शहरात, गवतापासून मैलोगणती दूर राहणाऱ्यांनाही त्रास का होतो, हे कोडे सोडवण्यासाठी त्यांनी पतंग उडवले. पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून त्या हजार फुटांहून अधिक उंचीवर पाठवल्या. वर पराग विरळ असतील अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात जमिनीलगतच्या पट्ट्यांपेक्षा वरच्या पट्ट्यांवर ते अधिक आढळले. पराग वाऱ्याबरोबर उंच चढतात आणि दूरवर जाऊन उतरतात, हे त्यातून सिद्ध झाले. वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवर अनेक देशांत रोज परागांची जी आकडेवारी दिली जाते, तिची सुरुवात या काचपट्ट्यांपासून होते.

आणखी एका गोष्टीने ते अस्वस्थ होते. परागांशी सर्वांत जास्त संबंध शेतकऱ्यांचा येतो, पण त्यांना हा विकार क्वचितच होतो; होतो तो सुशिक्षित, सुखवस्तू आणि शहरी माणसांना. परागच कारण असतील तर हे उलटे कसे? ही नोंद त्यांच्या सिद्धांताच्या विरुद्ध जाणारी वाटत असूनही त्यांनी ती दडवली नाही. सततच्या संपर्काने शेतकऱ्यांच्या शरीराला परागांची सवय होत असावी, ही शक्यता त्यांनी मांडली. खेडी ओस पडून शहरे वाढत जातील तसा हा विकारही वाढेल, असे त्यांच्या विवेचनातून निघत होते. पुढे झाले तसेच. लहानपणी शेत, गोठा आणि माती यांच्या सहवासात वाढलेल्या मुलांमध्ये ॲलर्जी कमी का आढळते, यावर आजही संशोधन चालू आहे.

१८७३ मध्ये लंडनहून त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चार्ल्स डार्विन यांना तो पोहोचला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी ब्लॅकली यांना पत्र लिहिले. परागांच्या प्रवासाविषयी डार्विन यांना स्वतंत्र कुतूहल होतेच. वैद्यकीय जगाचा प्रतिसाद मात्र थंड होता. अमेरिकेतील जॉर्ज बिअर्ड यांनी १८७६ मध्ये परागज्वर हा मूलतः नाजूक मज्जासंस्थेचा विकार असल्याचे प्रतिपादन केले आणि ते बऱ्याच जणांना भावले. दुसरीकडे जंतूंचा सिद्धांत जोर धरत होता. प्रत्येक रोगामागे जंतू शोधण्याच्या त्या धामधुमीत निरुपद्रवी गवताचा पराग कोणाला महत्त्वाचा वाटणार! ब्लॅकली यांनी १८८० मध्ये या विषयावर दुसरे पुस्तक लिहिले. १९०० मध्ये साउथपोर्ट येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ॲलर्जी हा शब्दही अस्तित्वात आलेला नव्हता.

तो शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. पुढच्याच वर्षी त्यांनी क्षयरोगाच्या निदानासाठी त्वचेवर ओरखडा काढून ट्युबरक्युलिन लावण्याची चाचणी आणली आणि त्वचेला प्रश्न विचारण्याची पद्धत वैद्यकात रुजली. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क अत्यल्प मात्रेत टोचून, ती हळूहळू वाढवत नेऊन परागज्वराच्या रुग्णांवर उपचार सुरू केला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कचे ऑस्कर श्लॉस यांनी अंडे सोसत नसलेल्या मुलावर ओरखड्याची चाचणी करून अन्नाच्या ॲलर्जीचे निदान केले. ओरखड्याची जागा पुढे बारीक टोच्याने घेतली, कारण त्याने त्रास कमी होतो आणि निकालही अधिक एकसारखे येतात.

ब्लॅकली यांचे अनुकरण करताना एक भाग मात्र पुष्कळदा गळून पडतो. त्यांनी त्वचेचा कौल एकटा कधीच ग्राह्य धरला नव्हता; नाकातील लक्षणे, हवेतील मोजणी आणि हातावरील गांध या तिन्हींचा मेळ बसला तेव्हाच ते बोलले. गांध उठणे म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखते एवढेच. रुग्णाच्या नाकाचा त्रास त्याच पदार्थाने होतो, असे त्यावरून ठरत नाही. होकारार्थी चाचणी असूनही कोणताच त्रास नसलेली माणसे पुष्कळ आढळतात. म्हणून चाचणीआधी डॉक्टर विचारतात की त्रास कोणत्या महिन्यात होतो, घरात की बाहेर, अंथरूण झटकताना की मांजर जवळ आल्यावर. उलट, सतत नाक चोंदलेले असूनही सर्व टोचे नकारार्थी आले, तर नाकाचा पडदा वाकडा आहे का, नाकात मस वाढले आहेत का, सायनसमध्ये जंतुसंसर्ग आहे का, हे पाहावे लागते. वर्षानुवर्षे सायनसच्या नावाखाली प्रतिजैविके घेणाऱ्या रुग्णाचा खरा आजार ॲलर्जी निघतो, तसे ॲलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्याचा आजार दुसराच निघाल्याचीही उदाहरणे असतात. चाचणीत क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. त्यामुळे ती औषधे हाताशी असलेल्या दवाखान्यातच करतात.

भारतात या चाचणीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. इंग्लंडमधील गवत जूनमध्ये फुलते. आपल्याकडील बहुतेक गवत पावसाळा सरताना फुलोऱ्यावर येते. दिल्लीच्या परिसरात परागांचे दोन मोसम येतात, एक फेब्रुवारी ते एप्रिलचा आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेलेले गाजर गवत आता देशभर पसरले असून त्याच्या परागांनी नाकाचे आणि स्पर्शाने त्वचेचे विकार होतात. परदेशी गवताच्या अर्काचा टोचा नकारार्थी आला म्हणून येथील रुग्णाला गवताची ॲलर्जी नाही, असे म्हणता येत नाही. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, हवेत काय असते, हे माहीत असेल तरच टोचण्यासाठी योग्य अर्क निवडता येतात. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत डॉ. डी. एन. शिवपुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच काम हाती घेतले. हवेतील पराग पकडायचे, ओळखायचे, मोजायचे आणि मग त्यांचे अर्क रुग्णांच्या त्वचेवर तपासायचे, असा त्या कामाचा क्रम होता.